जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आहे: कोणते बसेल आणि कोणते चालेल?

धागाकर्ता

नमस्कार. माझ्याकडे २०१२ च्या सुमारास घेतलेला, टॉवर पद्धतीचा एक ब्रँडेड डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय५-३४७० हा प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि विंडोज १० आहे. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यापासून लेखन, हिशेब आणि इंटरनेट ही कामे इतकी सुरळीत होतात की हा संगणक मोडीत काढायला मन होत नाही.

अडचण फक्त चित्राची आहे. सध्या सगळा भार प्रोसेसरमधल्याच एचडी ग्राफिक्स २५०० वर आहे. १०८० पिक्सेलचा व्हिडिओ संपादित करताना प्रीव्ह्यू अडखळतो, आणि मुलीला पाच-सात वर्षांपूर्वीचे जे दोन-तीन गेम खेळायचे आहेत ते उघडतात, पण खेळण्याजोगे चालत नाहीत. मी स्वतः यादी केली आहे: जीटी १०३०, जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५०, आरएक्स ६४०० आणि आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप. यांपैकी सर्वांत वेगवान कार्ड घ्यावे, असे मनात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमची यादी विचारपूर्वक केलेली दिसते, पण सर्वांत वेगवान कार्ड कोणते हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. जुन्या संगणकात कार्ड निवडताना सुरुवात कार्डापासून न करता संगणकापासून करावी लागते. म्हणून आधी संगणक बंद करा, वीजजोडणीची वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा आणि एसएमपीएसवरचे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे, लेबल वाचा.

त्या लेबलवर ठळक अक्षरांत जो एकूण वॉटचा आकडा असतो, त्यावर भिस्त ठेवू नका. ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाहिनीतून घेते, त्यामुळे त्या वाहिनीसमोर किती अ‍ॅम्पियर लिहिले आहेत तेवढेच आपल्या कामाचे. ब्रँडेड संगणकांत बहुधा १२ व्होल्टच्या दोन वाहिन्या असतात आणि त्यांचे अ‍ॅम्पियर वेगवेगळे छापलेले असतात. पण दोन्हींची बेरीज करून मोकळे होऊ नका, कारण खाली बारीक अक्षरांत दोन्ही मिळून कमाल किती वॉट, हेही दिलेले असते. खरी मर्यादा ती.

दुसरी गोष्ट म्हणजे मदरबोर्डच्या ज्या लांब स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसते, त्यातून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळू शकतात, आणि त्यांतले १२ व्होल्टचे ६६. याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी ६ पिनची किंवा ८ पिनची वायर द्यावी लागते. ६ पिनची वायर ७५ वॉट देते आणि ८ पिनची १५०. तुमच्यासारख्या संगणकात अशी वायर क्वचितच असते. बाजारात साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला जाणाऱ्या, वीजजोडणीवरून ६ पिन काढून देणारे अडॅप्टर मिळतात, ते कृपया घेऊ नका. साटाचा तो जोड १२ व्होल्टवर ५४ वॉटच्या हिशेबाने केलेला आहे. त्यातून ७५ वॉट ओढले की प्लॅस्टिक वितळू शकते. मी असा एक जोड हातात घेऊन पाहिला आहे. त्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकला एका बाजूने तपकिरी रंग चढला होता आणि दोन पिना एकमेकींकडे झुकल्या होत्या.

एसएमपीएसच बदलू, असा विचार मनात आला तर एवढे पाहा की मदरबोर्डला जाणारी मुख्य वायर नेहमीची २४ पिनची आहे का. अनेक ब्रँडेड संगणकांत ती वेगळ्याच घाटाची असते, आणि मग नवा एसएमपीएस सरळ बसत नाही. शिवाय काही संगणकांच्या, विशेषतः बैठ्या आणि अरुंद कॅबिनेटच्या, माहितीपुस्तिकेत त्या लांब स्लॉटसाठी ७५ वॉटपेक्षाही कमी मर्यादा लिहिलेली असते. तीही तपासा.

शेवटी फूटपट्टी घेऊन मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचे अंतर मोजा, आणि लांब स्लॉटच्या लगेच खालच्या स्लॉटमध्ये काही बसवले आहे का ते पाहा. बहुतेक कार्डांचा पंखा आणि धातूचा हीटसिंक मिळून दोन स्लॉटची जागा अडवतात.

धागाकर्ता

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कॅबिनेट उघडून सगळे पाहिले. एसएमपीएस २७५ वॉटचा आहे. १२ व्होल्टच्या दोन वाहिन्यांसमोर १७ आणि १४ अ‍ॅम्पियर लिहिले आहेत आणि दोन्ही मिळून कमाल २४० वॉट. ६ पिनची वायर नाही. मुख्य वायर २४ पिनचीच आहे. मागच्या पत्र्यापासून पिंजऱ्यापर्यंत १९ सेंटिमीटर भरतात. लांब स्लॉटच्या खालच्या छोट्या स्लॉटमध्ये वायफायचे कार्ड आहे. माहितीपुस्तिकेत लांब स्लॉटसमोर पीसीआय एक्स्प्रेस २.०, १६ लेन, ७५ वॉट असे छापले आहे.

प्रतिसाद २

मग निर्णय सोपा आहे, असे मला वाटते. आरएक्स ६४०० हे कार्ड फक्त ५३ वॉट घेते, वेगळी वायर मागत नाही, त्याचे आखूड आणि एकाच स्लॉटमध्ये मावणारे प्रकार मिळतात, त्यामुळे वायफाय कार्डही हलवावे लागणार नाही. ते २०२२ सालचे असल्यामुळे यादीतल्या १०५० टीआय किंवा १६५० पेक्षा बरेच नवे आहे. २४० वॉटच्या मर्यादेत ते आरामात बसेल.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादातला विजेचा हिशेब अगदी बरोबर आहे, पण धागाकर्त्यांच्या संगणकात घोडे दुसऱ्याच ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण कार्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत कधीच लिहिलेले नसते.

आरएक्स ६४०० चा कडेचा सोनेरी जोड लांबच दिसतो, पण प्रत्यक्षात त्याच्या फक्त ४ लेन जोडलेल्या असतात. लेन म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामध्ये माहिती वाहून नेणारी एकेक वाट. नव्या संगणकात त्या ४ लेन पीसीआय एक्स्प्रेस या स्लॉटच्या मानकाच्या ४.० आवृत्तीच्या वेगाने चालतात आणि प्रत्येक लेन सेकंदाला जवळजवळ २ जीबी माहिती नेते, त्यामुळे एकूण जवळपास ८ जीबीची सोय होते. तुमचा स्लॉट २.० चा आहे. त्यात प्रत्येक लेन सेकंदाला ५०० एमबीच नेते, म्हणजे ४ लेनना मिळून २ जीबी. कार्ड तेच, पण वाट चौपट अरुंद. याउलट जीटीएक्स १६५० च्या १६ लेन असल्यामुळे तुमच्या त्याच जुन्या स्लॉटमध्ये त्याला सेकंदाला ८ जीबी मिळतात.

आता हा फरक नेमका कधी जाणवतो, तेही सांगतो, कारण तो सतत जाणवत नाही आणि म्हणूनच लोक फसतात. गेमचे सगळे चित्रसाहित्य कार्डाच्या ४ जीबी मेमरीत मावत असेल, तर वाटेवरून फारशी ये-जा होत नाही आणि अरुंद वाटही पुरते. मेमरी भरली की उरलेले साहित्य संगणकाच्या रॅममधून त्या वाटेने ओढून आणावे लागते, आणि त्या क्षणी चित्र पाव-अर्धा सेकंद थिजते. सरासरी फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे, मोजल्या तर आकडा बरा दिसतो. पण खेळणाऱ्याला मात्र वळणावर, दार उघडताना, नवा भाग समोर येताना हिसका बसतो. आरएक्स ६४०० घेणारच असाल तर टेक्श्चरची, म्हणजे गेममधल्या पृष्ठभागांवरच्या चित्रांची, पातळी एक पायरी खाली ठेवावी लागेल, आणि ते २.० च्या स्लॉटमध्ये तर टाळताच येणार नाही.

व्हिडिओ संपादनाच्या दृष्टीने आणखी एक उणीव आहे. आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तो आकुंचित करून फाईल बनवणारा, विभागच ठेवलेला नाही; एच.२६४ किंवा एचईव्हीसी या प्रकारांत तयार व्हिडिओ बाहेर काढताना ते कार्ड काहीही मदत करणार नाही. एव्ही१ या प्रकारचा व्हिडिओ डीकोड करण्याची, म्हणजे उलगडून दाखवण्याची, सोयही त्यात नाही. मला हे कार्ड वाईट म्हणायचे नाही. दोन पडद्यांवर लेखनकाम करणाऱ्याला, किंवा ४.० च्या स्लॉटमध्ये, ते उत्तम काम देते. तुमची दोन्ही कामे मात्र नेमकी त्याच्या दुबळ्या बाजूची आहेत.

प्रतिसाद २

लेनचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी ते कार्ड नव्या मदरबोर्डवर वापरतो, म्हणून मला तो त्रास कधी झाला नाही. माझी शिफारस मी मागे घेतो.

प्रतिसाद ४

बायोसबद्दल, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डमधल्या प्रोग्रामबद्दल, कोणीच लिहिलेले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे तुमच्याहूनही एक-दोन वर्षांनी जुना संगणक होता. त्यात मी त्या काळातले अगदी नवे कार्ड बसवले. पंखे फिरले, कळफलकाचा दिवा लागला, पण पडद्यावर काहीही आले नाही. कार्ड तीन वेळा काढून बसवले, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या, एसएमपीएसवर संशय घेतला. दोन दिवसांनी उलगडा झाला की कार्डात काहीच बिघाड नव्हता. त्या कार्डाच्या आतल्या प्रोग्राममध्ये फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने चित्र दाखवण्याची सोय होती आणि माझा मदरबोर्ड जुन्या बायोस पद्धतीचाच होता. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. कार्ड परत करावे लागले.

तुमचा २०१२ चा मदरबोर्ड या स्थित्यंतराच्या काळातला आहे. त्यात यूईएफआय असण्याची शक्यता बरीच आहे, पण विंडोज कोणत्या पद्धतीने चालू होते ते स्वतः पाहा. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून एमएसइन्फो३२ लिहिले की जी खिडकी उघडते, तिच्यात बायोस मोड ही ओळ असते. तिथे यूईएफआय दिसले तर काळजी नाही. लेगसी, म्हणजे जुनी बायोस पद्धत, दिसले, तर अगदी नव्या पिढीचे कार्ड घेण्याआधी दोनदा विचार करा, आणि कोणतेही कार्ड घेण्याआधी संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून शेवटचे बायोस अपडेट नक्की घ्या. मात्र हे अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून त्या पाच मिनिटांपुरती तरी यूपीएसची सोय करा.

धागाकर्ता

बायोस मोडसमोर लेगसी असे दिसते. बायोस मेनूमध्ये यूईएफआयचा पर्याय आहे, पण तो निवडला तर विंडोज सुरूच होत नाही, म्हणून पूर्ववत केले. आणखी एक शंका आहे. माझा मॉनिटर जुना असून त्याला फक्त निळ्या टोकाची व्हीजीए वायर लागते. तो बदलावा लागेल का?

प्रतिसाद ४

विंडोज सुरू न होण्याचे कारण डिस्कची मांडणी आहे. लेगसी पद्धतीत डिस्कवर एमबीआर मांडणी असते आणि यूईएफआयला जीपीटी लागते. विंडोज १० मध्ये, २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून, एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आलेले आहे. त्याने फायली न पुसता मांडणी बदलता येते. तरीही सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय ते चालवू नका. आणि कार्ड लेगसी पद्धतीत चालत असेल तर हा उपद्व्याप करायची गरजच नाही. माझ्याकडच्या दुसऱ्या एका जुन्या संगणकात जीटीएक्स १६५० आहे, आणि त्याने लेगसी पद्धतीतही पहिल्याच झटक्यात चित्र दाखवले.

प्रतिसाद ५

मॉनिटर बदलावा लागणार नाही, पण अडॅप्टर नीट निवडावा लागेल. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून, म्हणजे २०१६ पासून, कार्डातून अ‍ॅनालॉग संकेत येणेच बंद झाले. डीव्हीआयचा जोड असला तरी तो फक्त डिजिटल असतो. हे डोळ्यांनी ओळखता येते: जोडाच्या एका बाजूला जी आडवी चपटी फट असते, तिच्या वर आणि खाली दोन-दोन छोटी छिद्रे असतील तर त्यातून अ‍ॅनालॉग संकेत मिळतो, नुसतीच फट असेल तर मिळत नाही. म्हणून साधे, आत काहीही नसलेले डीव्हीआय ते व्हीजीए टोपण इथे उपयोगाचे नाही. एचडीएमआयवरून किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला अडॅप्टर घ्या.

याच खुणेचा दुसरा उपयोग जुने कार्ड विकत घेताना होतो, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वापरलेल्या कार्डांच्या बाजारात २०११ च्या सुमाराच्या कार्डांचा आतला प्रोग्राम बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली जातात. विंडोजमध्ये नावही तेच दिसते. पण १०५० टीआय म्हणून दाखवलेल्या कार्डाला निळा व्हीजीए जोड असेल, तर तिथेच थांबावे. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवला तर तो चिप ओळखून अशा कार्डाच्या नावापुढे ते बनावट असल्याचे लिहितो. विक्रेत्यासमोरच तो चालवून पाहा, आणि जो चालवू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

तुमच्या यादीतल्या जीटी १०३० बद्दल थोडक्यात: त्याच नावाची दोन कार्डे आहेत. जीडीडीआर५ मेमरीच्या कार्डाचा मेमरी वेग सेकंदाला ४८ जीबी आहे आणि डीडीआर४ मेमरीच्या कार्डाचा जेमतेम १७. खोक्यावर दोन्हींचे नाव सारखेच असते. शिवाय त्यातही एन्कोड करणारा विभाग नाही आणि लेनही चारच आहेत. ते यादीतून काढून टाका.

प्रतिसाद ६

माझे मत थोडे वेगळे आहे. आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप २०२४ मध्ये आले. ते ७० वॉट घेते, वेगळी वायर मागत नाही, मेमरी दीडपट आहे, आणि एव्ही१ व्हिडिओ स्वतः डीकोड करते. लेन ८ आहेत, म्हणजे तुमच्या स्लॉटमध्ये सेकंदाला ४ जीबी. हे १६५० च्या निम्मे असले तरी मेमरी ६ जीबी असल्यामुळे वाटेवर ये-जाही कमी होईल. मुख्य म्हणजे दोन-तीन वर्षांनी संगणक बदलाल तेव्हा हे कार्ड नव्या संगणकात नेता येईल. फक्त आठ जीबीचे ३०५० चुकून घेऊ नका. ते वेगळे कार्ड आहे, १३० वॉट घेते आणि ८ पिनची वायर मागते.

१०५० टीआयचा विचार मात्र सोडून द्या. त्या पिढीच्या कार्डांसाठी नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट मिळतील. १६५० त्याच्या पुढच्या, ट्युरिंग पिढीचे असल्यामुळे त्याला अजून आधार आहे.

प्रतिसाद ३

कार्ड पुढच्या संगणकात नेण्याचा मुद्दा वजनदार आहे, आणि धागाकर्ते वर्षभरात संगणक बदलणार असतील तर मीही ३०५० च सुचवीन. पण ते हा संगणक जपू पाहत आहेत, आणि तिथे प्रोसेसरचा विचार करायला हवा. आय५-३४७० मध्ये ४ कोअर आणि ४ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे चार धागे, आहेत. पाच-सात वर्षांपूर्वीचे बरेच गेम हे चारही थ्रेड पूर्ण वापरतात, आणि त्यानंतर कार्ड कितीही ताकदीचे असो, ते प्रोसेसरची वाट पाहत बसते. ३०५० ची जास्तीची ताकद इथे बहुतांशी पडून राहील. शिवाय या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा आज्ञांचा संच नाही; ज्या नव्या गेमना ते लागते ते कोणतेही कार्ड घातले तरी सुरू होणार नाहीत. त्यात लेगसी बायोसची अनिश्चितता आहेच.

विजेचा हिशेब असा: प्रोसेसर ७७ वॉट, १६५० चे ७५, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून सुमारे ४०. बेरीज १९२, मर्यादा २४०. जमते, पण एसएमपीएस दहा वर्षांहून जुना असल्यामुळे त्याच्या पंख्यावरची धूळ आधी काढा. १६५० घेताना दोन गोष्टी पारखा. कारखान्यातूनच वेग वाढवलेल्या काही प्रकारांना ६ पिनची वायर लागते, ते नकोत. आणि लांबी १९ सेंटिमीटरच्या आत, शक्यतो एकच पंखा असलेले घ्या.

कार्डानंतरही संगणक कमी पडला, तर याच सॉकेटमध्ये आय७-३७७० बसतो. त्यालाही ७७ वॉटच लागतात, आणि थ्रेड ८ मिळतात.

धागाकर्ता

उशिरा लिहितो आहे, पण काम पूर्ण करूनच लिहायचे ठरवले होते. एका पंख्याचे, ६ पिन न लागणारे वापरलेले जीटीएक्स १६५० घेतले. विक्रेत्याने जीपीयू-झेड चालवू दिले आणि माहिती बरोबर निघाली. घरी आधी बायोस अपडेट केले आणि एसएमपीएसमधली धूळ ब्रशने आणि फुंकणीने काढली. ती मूठभर निघाली.

बसवताना पहिली अडचण वायफाय कार्डाची आली, कारण १६५० च्या पंख्याने ती जागा पूर्ण झाकली. वायफाय कार्ड अगदी तळच्या स्लॉटमध्ये सरकवले. संगणक सुरू केला आणि पडदा काळाच राहिला, तेव्हा प्रतिसाद ४ मधला अनुभव आठवून छातीत धस्स झाले. मात्र व्हीजीए वायर मी सवयीने मदरबोर्डच्याच जोडात खुपसली होती. चिप असलेल्या अडॅप्टरमधून ती कार्डाला जोडली आणि लेगसी पद्धतीतच चित्र आले.

एका गोष्टीने मात्र घाबरवले. जीपीयू-झेडमध्ये जोडणीसमोर १६ लेन, पण वेग १.१ दिसत होता. शोध घेतल्यावर कळले की कार्ड रिकामे असताना वीज वाचवण्यासाठी वेग खाली येतो. त्याच ओळीशेजारचे प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी सुरू केली, तेव्हा आकडा २.० वर गेला.

व्हिडिओचा प्रीव्ह्यू आता अडखळत नाही, आणि दहा मिनिटांचा जो व्हिडिओ बाहेर काढायला पूर्वी पाऊण तास लागायचा, तो नऊ मिनिटांत निघाला. मुलीच्या गेममध्ये प्रोसेसर खरोखरच शंभर टक्क्यांना भिडतो. फ्रेमची मर्यादा सेकंदाला ५० वर बांधून दिली, तेव्हा अधूनमधून बसणारे हिसके थांबले. अर्धा तास खेळल्यावर कार्डाचे तापमान ६८ अंशांवर स्थिर राहिले आणि एसएमपीएसच्या मागून येणारी हवा हाताला कोमट लागली. आय७-३७७० कुठे वापरलेला मिळतो का, ते पाहतो आहे. तो बसवला की इथेच लिहीन.